मुदतीचा जनादेश : मुंगेर आणि बांकाचे मधु लिमये

राजधानीत नाव कमावलेल्या मराठी राजकारण्यांची यादी लहान नाही. काकासाहेब गाडगीळ पुण्यातून आले, चिंतामणराव देशमुख कुलाब्यातून, नाथ पै राजापुरातून. संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांना नाशिकने लोकसभेत पाठविले. या साऱ्यांच्या पाठीशी महाराष्ट्रातील मतदार उभा होता. पुण्यात जन्मलेल्या मधु लिमये यांना मात्र लोकसभेत चारही वेळा बिहारने निवडून दिले : १९६४ आणि १९६७ मध्ये मुंगेरने, १९७३ आणि १९७७ मध्ये बांकाने. याच दोन मतदारसंघांनी १९७१ आणि १९८० मध्ये त्यांना घरीही बसविले.

लिमये यांची आठवण सहसा दोन कारणांनी निघते. संसदीय नियमांवरील त्यांची असामान्य पकड हे एक, आणि खासदारकीचे निवृत्तिवेतन त्यांनी नाकारले हे दुसरे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्या सुट्या सुट्या सांगितल्या की एका विद्वान व निःस्पृह माणसाचे चित्र तयार होते आणि राजकारणी लिमये हरवतात. त्यांच्या संसदीय जीवनाला एक सूत्र होते. मतदाराने दिलेला अधिकार ठरावीक कामासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी असतो, हे ते सूत्र. त्याच्या कसोटीवर त्यांनी सरकारांना धारेवर धरले. याच कसोटीवर त्यांचा स्वतःचा एक मोठा निर्णय आजही वादग्रस्त ठरतो.

पुणे ते गोवा

१ मे १९२२ रोजी पुण्यात जन्मलेले मधुकर रामचंद्र लिमये १९३७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि लवकरच समाजवादी चळवळीत ओढले गेले. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांचा तो काळ. दुसऱ्या महायुद्धाच्या विरोधात प्रचार केल्याबद्दल १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि धुळ्याच्या तुरुंगात सुमारे वर्षभर काढावे लागले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या अधिवेशनानंतर ते भूमिगत झाले. १९४३ च्या सप्टेंबरात एस. एम. जोशींबरोबर पकडले गेले ते १९४५ च्या जुलैपर्यंत विनाचौकशी स्थानबद्ध राहिले. पंचविशी गाठण्यापूर्वीच विनाचौकशी तुरुंगवास म्हणजे काय, हे त्यांनी भोगलेले होते. पुढे न्यायालयात आणि सभागृहात या विषयावर ते इतक्या तळमळीने का बोलत, याचे उत्तर तेथे सापडते.

स्वातंत्र्यानंतरचा समाजवादी पक्ष हा फुटी आणि विलीनीकरणांचा इतिहास आहे आणि त्यात लिमये यांचा वाटा मोठा होता. १९५५ च्या जानेवारीत काँग्रेसने आवडी अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, तेव्हा काँग्रेसशी जवळीक साधावी की अंतर राखावे या प्रश्नाने प्रजा समाजवादी पक्ष दुभंगला. अशोक मेहता यांच्या सहकार्याच्या भूमिकेवर टीका करणाऱ्या लिमये यांना पक्षाने निलंबित केले. वाद चिघळत गेला आणि वर्षअखेरीस डॉ. राममनोहर लोहिया यांनी वेगळा सोशलिस्ट पक्ष स्थापन केला.

ज्यांच्या निलंबनावरून हा वाद पेटला, ते लिमये नव्या पक्षाच्या स्थापनेच्या वेळी पोर्तुगीजांच्या कैदेत होते. गोवा मुक्तीसाठी १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि शिरुभाऊ लिमये यांनी सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी नेली. जुलैमध्ये मधु लिमये यांनी हद्द ओलांडली. त्यांना बेदम मारहाण झाली आणि लष्करी न्यायासनाने १२ वर्षांची शिक्षा सुनावली. प्रत्यक्षात सुमारे दीड वर्षानंतर, १९५७ च्या प्रारंभी, त्यांची सुटका झाली. या कैदेत त्यांनी लिहिलेली रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

मुंगेरची वाट

१९६३ हे पोटनिवडणुकांचे वर्ष होते. चीनविरुद्धच्या पराभवानंतर नेहरूंच्या सरकारची प्रतिष्ठा उतरणीला लागली होती. फर्रुखाबादहून लोहिया, अमरोह्यातून आचार्य कृपलानी आणि राजकोटहून मिनू मसानी लोकसभेत पोहोचले. सरकारला पहिल्या अविश्वास ठरावास सामोरे जावे लागले ते त्याच ऑगस्टमध्ये. पुढच्याच वर्षी मुंगेरची पोटनिवडणूक जिंकून लिमये लोहियांच्या शेजारी येऊन बसले. तेव्हा त्यांचे वय ४२ होते.

मुंगेर जिल्हा त्या काळी फार विस्तीर्ण होता. आजचे बेगुसराय, खगडिया, जमुई, लखीसराय हे सारे जिल्हे त्याच्या पोटात होते. गंगेच्या दक्षिण काठावरचे जिल्ह्याचे शहर, शेजारी जमालपूरचा जुना रेल्वे कारखाना, शहरातील सिगारेटचा कारखाना आणि बंदुका घडविणारे कारागीर हा त्याचा शहरी चेहरा. बाकी सारा प्रदेश शेतीचा, मोठ्या जमीनदारांचा आणि भूमिहीन मजुरांचा. समाजवाद्यांना येथे कामगार आणि शेतमजूर या दोन्ही आघाड्यांवर जागा होती. तरीही बिहारमधील निवडणुकीचा पहिला हिशेब जातीचा असतो, आणि महाराष्ट्रीय ब्राह्मण असलेल्या लिमये यांच्या जातीची मते त्या मतदारसंघात जवळजवळ नव्हतीच. बिहारी राजकारणातील ही उणीव त्यांच्या बाबतीत एका अर्थाने सोय ठरली. भूमिहार, राजपूत, यादव, कुर्मी या तेथील स्पर्धक जातींपैकी कोणाचाच हा माणूस नव्हता; त्यामुळे कोणालाच तो प्रतिस्पर्ध्यांच्या गोटातला म्हणून डावलता येत नव्हता.

याचा अर्थ जातीचे राजकारण त्यांच्या पक्षाला वर्ज्य होते, असा नाही. संयुक्त सोशलिस्ट पक्षाने मागासवर्गीय, दलित, आदिवासी, स्त्रिया आणि अल्पसंख्याकांतील मागास यांच्यासाठी ६० टक्के जागांची मागणी लावून धरली होती. कर्पूरी ठाकूर, भूपेंद्र नारायण मंडल यांच्या नेतृत्वाखाली बिहारच्या मागास जातींत पक्ष रुजत होता. १९६७ मध्ये या पेरणीचे पीक हाती आले. लोकसभेत पक्षाचे २३ सदस्य आले, बिहार विधानसभेत ६८. मुंगेरने लिमये यांना पुन्हा निवडून दिले आणि पाटण्यात बिगरकाँग्रेसी आघाडीचे सरकार सत्तेवर आले.

त्या विजयाच्या पाठोपाठ आलेला एक वाद येथे नमूद करायला हवा. मधेपुऱ्यातून लोकसभेवर निवडून आलेले बिंदेश्वरी प्रसाद मंडल पाटण्यात मंत्री होऊन बसले. लोकसभेसाठी मते मागितलेल्या माणसाने राज्यातील मंत्रिपद घेऊ नये, असा लोहियांचा आग्रह होता. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये लोहियांचे निधन झाले. लिमये त्या सुमारास पक्षाच्या संसदीय मंडळाचे अध्यक्ष होते. पक्ष बधला नाही, आणि मंडलही. त्यांनी शोषित दल स्थापन केला, सरकार कोसळले आणि १९६८ च्या फेब्रुवारीत ते स्वतः मुख्यमंत्री झाले. पुढे मागासवर्ग आयोगाच्या अहवालामुळे देशभर पोहोचलेले मंडल ते हेच. तत्त्व टिकले, सरकार गेले. ज्या मागास समाजासाठी पक्ष लढत होता, त्याचाच एक नेता पक्षाने गमावला. तत्त्व आणि सत्ता यांतील हा ताण लिमये यांच्या वाट्याला पुढेही आला.

नियमांचे शस्त्र

चौथ्या लोकसभेत लिमये आपल्या पक्षाच्या संसदीय गटाचे नेते होते. ५२० च्या सभागृहात २३ जणांचा हा गट. संख्येने सरकार अडवता येणार नाही, हे उघड होते. उरत होते ते नियमांचे पुस्तक. प्रश्नोत्तराच्या तासात पुरवणी प्रश्नांनी मंत्र्याला एका निश्चित विधानावर आणून सोडायचे. मग अर्ध्या तासाची चर्चा मागायची. विधान वस्तुस्थितीशी जुळत नसेल तर अध्यक्षांच्या ११५ क्रमांकाच्या निदेशाखाली दुरुस्तीची सूचना द्यायची. आणि मंत्र्याने जाणूनबुजून दिशाभूल केली असे दिसले तर हक्कभंग. एकेक पायरी चढत जाणारी ही पद्धत त्या पिढीतील विरोधी सदस्यांनी विकसित केली आणि लिमये तिचे सर्वांत अभ्यासू कारागीर होते. ते सभागृहात हिंदीतून बोलत. इंग्रजीवर प्रभुत्व असूनही हा त्यांचा जाणीवपूर्वक निर्णय होता.

केंद्रीय सेवेत असलेल्या वाचकांना या पद्धतीचा खरा परिणाम सांगण्याची गरज नाही. मंत्र्याच्या हाती दिल्या जाणाऱ्या टिपणातील प्रत्येक आकडा दोनदा तपासावा लागतो, तो सभागृहात एखादा असा सदस्य बसलेला असतो म्हणून.

१९७४ मध्ये आयात परवान्यांचे प्रकरण गाजले. पाँडिचेरीच्या काही व्यापाऱ्यांना परवाने मिळावेत म्हणून २१ खासदारांच्या सह्यांचे निवेदन देण्यात आले होते आणि त्यातील बहुतेक सह्या बनावट निघाल्या. तुलमोहन राम या बिहारमधील काँग्रेस खासदारावर खटला झाला. तपासाचा अहवाल संसदेपुढे ठेवा, ही मागणी विरोधकांनी अनेक आठवडे लावून धरली, त्यात लिमये पुढे होते. खासदाराच्या सहीला बाजारात किंमत येते, तेव्हा मतदाराने दिलेला अधिकारच विकला जातो, हा त्या मागणीमागचा अर्थ होता.

लखीसरायहून सर्वोच्च न्यायालयात

लिमये यांचे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणाने ठाऊक असते. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी लखीसराय रेल्वे स्थानकावर लोकसभेचे हे विद्यमान सदस्य सहकाऱ्यांसह पकडले गेले. त्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले : अटक झाली आहे, पण कारण सांगण्यात आलेले नाही. न्यायालयाने ते पत्र घटनेच्या ३२व्या अनुच्छेदाखालील अर्ज मानले. अटकेची कारणे कळविणे हे २२व्या अनुच्छेदाने सक्तीचे केले आहे आणि ती कळविली नसतील, तर दंडाधिकाऱ्याने यांत्रिकपणे वाढविलेल्या कोठडीने ती चूक धुऊन निघत नाही, असा निर्णय देऊन न्यायालयाने डिसेंबरमध्ये त्यांची सुटका केली.

दुसऱ्या लढाईत त्यांना मुख्य मुद्द्यावर हार पत्करावी लागली. जमावबंदीचे कलम १४४ घटनाबाह्य ठरवावे, ही मागणी सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७० मध्ये फेटाळली. तथापि हा अधिकार निकडीच्या प्रसंगापुरताच आहे, ही मर्यादा त्याच निकालाने स्पष्ट केली. जम्मू-काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा आधार घेतला. तिसरा खटला महाराष्ट्रातला. १९७४ च्या सप्टेंबरात दिल्लीतील पत्रकार परिषदेत लिमये यांनी राज्याचे तत्कालीन कायदामंत्री अ. र. अंतुले यांच्यावर आरोप केले. त्यावरून दाखल झालेला बदनामीचा खटला १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि उच्च न्यायालयांच्या अंगभूत अधिकारांची व्याप्ती त्या निकालाने निश्चित झाली. पराभूत झालेला मुद्दाही नीट मांडला, तर पुढच्या पिढीच्या उपयोगी पडतो, हे या तीन निकालांतून दिसते.

पराभव आणि पुनरागमन

१९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या लाटेने विरोधी पक्षांची धूळधाण केली. संघटना काँग्रेस, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षासह संयुक्त सोशलिस्ट पक्षही बड्या आघाडीत सामील झाला होता. गरिबी हटविण्याची भाषा इंदिराजींनी आपलीशी केल्यावर, संस्थानिक आणि उद्योगपतींच्या पक्षांबरोबर उभ्या राहिलेल्या समाजवाद्यांकडे मतदाराला सांगण्याजोगे फारसे उरले नाही. पक्षाचे संख्याबळ २३ वरून ३ वर आले. मुंगेरमध्ये काँग्रेसचे डी. पी. यादव यांनी लिमये यांचा पराभव केला. मागास जातींच्या राजकारणाची पेरणी समाजवाद्यांनी केली आणि काँग्रेसने तिचा लाभ उठविला, असा या निकालाचा एक अर्थ लावता येतो.

दोनच वर्षांनी शेजारच्या बांका मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. बांका तेव्हा भागलपूर जिल्ह्यात होते. इंदिराजींची लोकप्रियता महागाई आणि दुष्काळाने झाकोळू लागली होती. लिमये तेथून विजयी झाले आणि पाचव्या लोकसभेत परतले.

मुदत संपलेले सभागृह

आणीबाणी जाहीर झाल्यानंतर जुलै १९७५ मध्ये लिमये यांना मिसाखाली अटक झाली आणि १९७७ च्या फेब्रुवारीपर्यंत मध्य प्रदेशातील निरनिराळ्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. या काळातील त्यांचा एक निर्णय त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा मध्यबिंदू मानावा लागेल.

मार्च १९७१ मध्ये प्रथम भरलेल्या पाचव्या लोकसभेची पाच वर्षे १८ मार्च १९७६ रोजी संपत होती. आणीबाणीत संसदेला कायदा करून ही मुदत एका वेळी एक वर्षाने वाढविता येते, अशी तरतूद घटनेत आहे. सरकारने तिचा आधार घेतला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मुदत वर्षभर वाढवून घेतली. नोव्हेंबरमध्ये आणखी एक वर्ष. कायद्याच्या अक्षराप्रमाणे यात खोट काढणे कठीण होते. विरोधी सदस्यांतील अनेकजण तुरुंगात असताना, सभागृहातील बहुमताने स्वतःचाच कार्यकाळ वाढविणे नैतिक आहे काय, हा प्रश्न मात्र उरत होता. लिमये यांचे उत्तर सरळ होते. बांकाने त्यांना पाठविले होते ते त्या लोकसभेच्या पाच वर्षांपुरते. त्या मुदतीनंतरचे सदस्यत्व मतदाराचे देणे नव्हे. त्यांनी तुरुंगातून राजीनामा दिला. जबलपूरच्या पोटनिवडणुकीतून आलेले तरुण सदस्य शरद यादव यांनीही तेच केले.

तुरुंगातील खासदाराला सदस्यत्व हे एक संरक्षक कवच असते. पत्ता राहतो, पत्रव्यवहाराला वजन राहते, कुटुंबाला भत्त्याचा आधार राहतो. ते सोडून देण्याने सरकारचे काहीच अडत नव्हते आणि वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण असल्याने प्रसिद्धीही मिळणार नव्हती. म्हणूनच या राजीनाम्याचे मोल वेगळे आहे. पुढे जनता राजवटीत ४४व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षांवरून पुन्हा पाचवर आणली, ती या वादाचीच उत्तरक्रिया होती.

त्याच मुदतवाढ मिळालेल्या लोकसभेच्या काळात, सप्टेंबर १९७६ मध्ये, माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद कायद्यात प्रथम आली. लिमये यांनी ते निवृत्तिवेतन आयुष्यभर घेतले नाही आणि स्वातंत्र्यसैनिकाचे मानधनही नाकारले. याकडे केवळ साधेपणा म्हणून पाहिले जाते. लोकप्रतिनिधित्व ही मुदतीची जबाबदारी मानणाऱ्याला मुदतीनंतरचा मोबदला पटणे कठीणच होते.

जनता पक्ष आणि कसोटी

१९७७ मध्ये काँग्रेसला बिहारच्या ५४ पैकी एकही जागा मिळाली नाही. बांकातून लिमये सहज निवडून आले. त्यांनी मंत्रिपद घेतले नाही. जनता पक्षाचे सरचिटणीस म्हणून ते संघटनेत राहिले. आणि येथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त अध्याय सुरू झाला.

जनसंघाने पक्ष विसर्जित केला, परंतु त्याच्या नेत्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेले नाते सोडले नाही. एका पक्षाचे सदस्य असताना दुसऱ्या शिस्तबद्ध संघटनेशी निष्ठा कशी ठेवता येईल, हा दुहेरी निष्ठेचा प्रश्न लिमये यांनी चिकाटीने लावून धरला. पक्षांतर्गत नेतृत्वाच्या स्पर्धेने तो अधिक धारदार झाला. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी अविश्वास ठराव मांडला, तेव्हा पक्ष फुटला. सभागृहात सरकारची जोरदार पाठराखण करणारे जॉर्ज फर्नांडिस काही दिवसांतच बाहेर पडले; त्यांचे मन वळविण्यात लिमये यांचा मोठा वाटा होता, असे मानले जाते. १५ जुलै रोजी मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला. चरणसिंग पंतप्रधान झाले आणि २० ऑगस्टला पायउतारही झाले.

लिमये यांच्या बाजूने सांगता येते की, जनता पक्षाचा जनादेश एकजिनसी लोकशाहीवादी पक्षाला होता आणि त्या पक्षाच्या पोटात दुसरे शिस्तकेंद्र असणे ही मतदाराची फसवणूक होती. विरोधी युक्तिवादही तितकाच सबळ आहे. १९७७ मध्ये बांकाच्या मतदाराने जनसंघासह साऱ्या घटकांना एका चिन्हावर मते दिली होती. संघाचे नाते तेव्हाही लपलेले नव्हते. पाच वर्षांचा कौल अडीच वर्षांत मोडण्याचा अधिकार मग कोणी दिला? १९७६ मध्ये मुदतीपेक्षा अधिक एक दिवसही नको म्हणणाऱ्या नेत्याने १९७९ मध्ये मुदत पूर्ण होण्याआधीच सरकार कोसळू दिले, हा विरोधाभास त्यांच्या चाहत्यांनीही टाळू नये. लिमये यांनी स्वतः तो टाळला नाही. जनता पक्षाच्या प्रयोगावर त्यांनी दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यातील निष्कर्ष पटोत वा न पटोत, आपल्या राजकीय कृतीचा इतका तपशीलवार हिशेब देणारे नेते आपल्याकडे फार थोडे आहेत.

बांकाच्या मतदाराने आपला हिशेब जानेवारी १९८० मध्ये दिला. काँग्रेसचे चंद्रशेखर सिंह तेथून विजयी झाले. पुढे ते बिहारचे मुख्यमंत्री झाले. लिमये यांनी आणखी दोन वर्षे लोकदलाच्या गटांत घालविली आणि १९८२ मध्ये सक्रिय राजकारणातून निवृत्त झाले. राज्यसभेचा मार्ग त्यांनी धरला नाही. उरलेली वर्षे पंडारा रोडवरच्या साध्या घरात वाचन, लेखन आणि शास्त्रीय संगीताच्या सहवासात गेली. इंग्रजी, हिंदी आणि मराठी मिळून साठाच्या वर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. ८ जानेवारी १९९५ रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले.

लिमये सभागृहात एकूण सुमारे तेरा वर्षे होते. दीर्घकाळ खासदारकी भोगलेल्यांच्या मानाने हा काळ अल्पच. ज्या वास्तूत त्यांनी ती वर्षे काढली, ती २०२३ पासून संविधान सदन या नावाने ओळखली जाते आणि लोकसभा शेजारच्या नव्या इमारतीत भरते. प्रश्न, लक्षवेधी, हक्कभंग यांचे नियम मात्र तेथेही सोबत गेले आहेत. ते वापरायचे की नुसते पुस्तकात ठेवायचे, हे त्या त्या मुदतीसाठी निवडून आलेल्यांनी ठरवायचे असते.